थिनरचा वास कोणाच्या छातीत जातो?

आमच्या गॅरेजात बेस कोट आता पाण्यावरच्या रंगाचा मारतो. थिनर उडतो तो आधी रंग मारणाऱ्या पोराच्या छातीत जातो. युरोपने २००७ पासूनच गाड्यांच्या रिपेंटिंगच्या टॉपकोटला मर्यादा घातली: लिटरमागे जास्तीत जास्त ४२० ग्रॅम उडून जाणारी रसायनं.

हा रंग महाग. पावसाळ्यात दमट हवेत सुकता सुकत नाही, ब्लोअर लावावे लागतात. क्लिअर कोट अजून थिनरचाच, त्यात आयसोसायनेट. म्हणून मास्क सुटलेला नाही. गन धुतलेलं पाणीही गटारात सोडायचं नाही.

हा सगळा खर्च एकट्या गॅरेजवाल्यानेच सोसायचा का? मंडळी, डेंटिंग-पेंटिंगचं कोटेशन मागताना ‘किती कमी कराल?’च्या आधी ‘रंग कुठला? पोरांना मास्क आहे का?’ एवढं विचारा. गिऱ्हाईक विचारायला लागलं की गॅरेजवाले आपोआप बदलतील.