फरक कुठे पडला?

व्यापारी घरात तेरीज न जुळणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. नवल असते ते न जुळलेली तेरीज जुळविण्याच्या रीतीत. सांगलीच्या एका हळदीच्या अडत दुकानात चाळीस वर्षे कीर्द-खतावणी लिहिलेल्या आजोबांचे या बाबतीत दोन नेम होते. फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकून ते कधी निजले नाहीत, आणि कारण सापडल्याशिवाय वहीतला एकही आकडा त्यांनी खोडला नाही. हे नेम आपल्या नातवाला संगणकावरील एका खेळासाठी उपयोगी पडतील, असे मात्र त्यांना कधी वाटले नव्हते.

त्याचे असे झाले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे नियमित पाठबळ थांबले. दुकानातल्या जुन्या संगणकात विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नव्हती. हिशेबाची जोखीम नको म्हणून वडिलांनी दुकानासाठी नवा संगणक घेतला आणि जुना घरी आणला. अकरावीत शिकणाऱ्या धाकट्या मुलाने त्यावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बसविली. चांगले चालते यंत्र भंगारात गेले नाही, याचे घरातील सर्वांना समाधान वाटले.

थोरला मुलगा सी.ए.च्या आर्टिकलशिपसाठी पुण्यात असतो. दर शनिवारी सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले की दोघे भाऊ मोटारींच्या शर्यतीचा एक ऑनलाइन खेळ खेळत. खेळ हे निमित्त असे. शर्यत चालू असताना कानाला लावलेल्या हेडफोनवर घरची, दुकानाची, मेसच्या जेवणाची अशी सगळी बोलणी होत. थोरल्याचा आठवड्याभरातला खरा संवाद तेवढाच.

तो खेळ विंडोजसाठी बनलेला होता. लिनक्सवर तो चालविण्यासाठी मधे एक दुभाषा लागतो. त्याचे नाव ‘वाईन’. हा शब्द घरात प्रथम उच्चारला गेला, तेव्हा आजींनी स्वयंपाकघरातूनच, “काय म्हणालास रे?” असे विचारले होते. ‘वाईन इज नॉट ॲन एम्युलेटर’ या इंग्रजी वाक्यातील आद्याक्षरांचा तो शब्द आहे, हे ऐकल्यावरच त्यांचे समाधान झाले. १९९३ साली सुरू झालेल्या या कामाची पहिली पूर्ण आवृत्ती जून २००८ मध्ये आली. पुढे २०१८ साली व्हॉल्व्ह या कंपनीने त्यावर आधारलेले ‘प्रोटॉन’ खेळांसाठी उपलब्ध केले. सांगलीच्या बाजारात कन्नड बोलणारा शेतकरी आणि मराठी बोलणारा खरेदीदार यांच्यामध्ये दोन्ही भाषा जाणणारा मुनीम बसावा, तसे याचे काम. खेळ विंडोजच्या भाषेत काही मागतो. वाईन ती मागणी लिनक्सच्या भाषेत सांगते. चित्रे रंगविण्याच्या आज्ञांचे भाषांतर डीएक्सव्हीके नावाचा वेगळा भाग करतो.

पहिले दोन शनिवार सुरळीत गेले. मग खेळाचे नवे, मोठे मैदान आले आणि दहाव्या-बाराव्या मिनिटाला खेळ एकाएकी बंद पडू लागला. पडदा क्षणभर गोठे आणि खिडकीच नाहीशी होई. थोरल्याला वाटे, धाकटा कंटाळून उठला. त्याहून वाईट म्हणजे, शर्यत अर्ध्यावर सोडणारा खेळाडू म्हणून त्याच्या नावापुढे नोंद होऊ लागली आणि काही काळ त्याला खेळातून बाहेर ठेवण्यात आले. पत जाणे म्हणजे काय, हे व्यापाऱ्याच्या मुलाला निराळे सांगावे लागत नाही. तिसऱ्या शनिवारी थोरला म्हणाला, “राहू दे आता. माझीही परीक्षा जवळ आली आहे.” त्या वाक्यात राग नव्हता, म्हणूनच ते धाकट्याला अधिक लागले.

त्या रात्री तो पहाटेपर्यंत जागला. जिथे जो उपाय वाचायला मिळाला, तो त्याने केला. प्रोटॉनची आवृत्ती बदलली, खेळ सुरू करण्याच्या आज्ञेत कोणाकोणाच्या ओळी चिकटविल्या, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला, काही फाइली उडविल्या. पहाटे पाच वाजता परिस्थिती अशी झाली, की पूर्वी बारा मिनिटे चालणारा खेळ आता उघडेचना. आणि तो कोणत्या बदलाने उघडेना, हेही त्याला सांगता येईना.

मंदिरातून दर्शन घेऊन आलेल्या आजोबांना तो संगणकापुढे तसाच बसलेला दिसला.

“काय रे, निजला नाहीस?”

“आजोबा, खेळ बंद पडतोय. सगळे उपाय करून पाहिले.”

“किती केलेस?”

“पंधरा-वीस तरी.”

“लिहून ठेवलेस?”

मुलगा गप्प राहिला. आजोबा शेजारी बसले. “एकदा वर्षअखेरीस तेरजेत ५४० रुपयांचा फरक आला. तुझे पणजोबा म्हणाले, आधी फरकाकडे पाहा, मग वहीकडे. ५४० ला नऊने भाग जातो. असा भाग गेला, की दोन आकड्यांची उलटापालट झाली असावी, असा पहिला संशय घ्यायचा. शोधले, तर १२८० च्या जागी १८२० लिहिलेले सापडले. चूक स्वतःची जात सांगत असते, बाळा. तुझा खेळ नेमका केव्हा बंद पडतो?”

हा प्रश्न मुलाने स्वतःला विचारलाच नव्हता. आता तो विचार करू लागला. खेळ उघडताच बंद पडला असता, तर ड्रायव्हर किंवा आवश्यक असा ३२-बिट ग्रंथालयाचा एखादा भाग नसल्याचा संशय घेता आला असता. पहिले चित्र दिसताना पडला असता, तर चित्रांच्या भाषांतराकडे पाहावे लागले असते. सर्व्हरशी जोडणी होतानाच बाहेर पडला असता, तर फसवणूक रोखणाऱ्या पहारेकरी प्रणालीकडे. पण हा तर दहा-बारा मिनिटे उत्तम चालून, नवे मैदान पसरत जाताना पडत होता. म्हणजे काहीतरी हळूहळू भरत जात होते.

आजोबांनी कपाटातून एक कोरी वही काढून दिली. मुलाने पहिल्या पानावर तारीख घातली आणि रात्रीचे सारे बदल एकेक करून मागे घेतले. प्रत्येक खेळासाठी प्रोटॉन एक स्वतंत्र ‘सी ड्राइव्ह’ रचते. तिची प्रत बाजूला काढून ठेवून त्याने ती नव्याने तयार करू दिली. खेळाच्या फाइली पडताळून घेतल्या. तेव्हा कुठे खेळ पूर्वीसारखा, म्हणजे बारा मिनिटे, चालू लागला. वहीत नोंद झाली: ‘मूळ स्थिती परत आली.’

दुसरी पायरी नोंदवहीची. प्रोटॉनला सांगितले, तर खेळ चालू असताना घडलेल्या गोष्टींची नोंद ते एका फाइलीत करून ठेवते. ती फाइल हजारो ओळींची निघाली. ‘फिक्समी’ या शब्दाच्या शेकडो ओळी पाहून मुलगा प्रथम घाबरला. मात्र वाईनच्या नोंदीत त्या ओळी बहुधा निरुपद्रवी असतात. अमुक काम अजून पूर्ण लिहिलेले नाही, एवढाच त्यांचा अर्थ. चांगल्या चाललेल्या मिनिटांतही त्या होत्याच. त्याने त्या वगळल्या आणि शेवटच्या काही ओळी वाचल्या. तेथे स्मृती मागितल्याची आणि ती न मिळाल्याची नोंद होती.

हे कोडेच होते. कारण संगणकाची स्मृती त्या वेळी निम्मी मोकळी होती. दोन दिवसांच्या वाचनानंतर उलगडा झाला. एखाद्या कार्यक्रमाने स्मृतीचे किती वेगवेगळे तुकडे नोंदवावेत, यावर लिनक्समध्ये एक मर्यादा असते. तिचे नाव ‘मॅक्स मॅप काउंट’. अनेक वर्षे ती ६५,५३० होती आणि मोठ्या खेळांना ती अपुरी पडू लागली. म्हणूनच फेडोरा ३९ आणि उबुंटू २४.०४ या आवृत्त्यांत ती वाढवून १०,४८,५७६ करण्यात आली. घरच्या संगणकावरची आवृत्ती त्याआधीची होती.

मुलाने हे आजोबांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे गोदाम निम्मे रिकामे, पण पावतीपुस्तक संपले!” याहून नेमके वर्णन मुलाला सुचले नसते.

त्याने तेवढा एकच आकडा बदलला. त्या रात्री एकट्याने दोन तास खेळूनही काही बिघडले नाही. त्याने पुण्याला निरोप धाडला आणि थोरल्याने शनिवारी अर्धा तास देण्याचे कबूल केले. शनिवारी अकराव्या मिनिटाला खेळ पुन्हा बंद पडला.

आता संगणक उचलून आपटावा, असे मुलाला वाटले. वडीलही म्हणाले, “नवाच घेऊन टाकू या. तुझा वेळ किती जातोय!” पण वही समोर होती. या दोन रात्रींत काय बदलले? शुक्रवारी वीज गेली होती आणि संगणक नव्याने सुरू झाला होता. त्याने मर्यादा तपासली. ती पुन्हा ६५,५३० झाली होती. त्याने केलेला बदल संगणक बंद होईपर्यंतचाच होता. कायमची नोंद वेगळ्या फाइलीत करावी लागते. ती त्याने केली. निराश करणारी ही घटना वास्तविक उत्तम पुरावा ठरली. आकडा लहान असताना खेळ पडतो, मोठा असताना चालतो, हे दोन्ही बाजूंनी सिद्ध झाले होते. आजोबांनी वहीतील ती नोंद वाचून तिच्याखाली बरोबरची खूण केली.

पुढे थोरल्याच्या मित्रमंडळींनी दुसरा एक खेळ सुरू केला. तो मात्र सर्व्हरशी जोडताच बाहेर फेकला जाई. येथे चूक कोणाचीच नव्हती. काही खेळांचा पहारेकरी विंडोजच्या थेट गाभ्यात बसतो. वाईनपाशी तो गाभाच नसतो. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन पहारेकरी प्रणालींनी २०२१ पासून प्रोटॉनला वाट ठेवली आहे. परंतु ती उघडायची की नाही, हे प्रत्येक खेळाचा निर्माता ठरवितो. या खेळाच्या निर्मात्याने ती उघडली नव्हती. पहारेकऱ्याला चकविण्याच्या युक्त्याही मुलाच्या वाचनात आल्या. त्याने वडिलांना विचारले.

वडील म्हणाले, “त्यांनी दार बंद ठेवले आहे. मागच्या खिडकीतून शिरलास आणि सापडलास, तर पुढे तुझे खरे नावही कोणी मानणार नाही.”

मुलाने वहीत लिहिले: ‘चालणार नाही. कारण: निर्मात्याची परवानगी नाही.’ त्या नोंदीला उचंत खाते म्हणता येत नाही. कारण तिथे फरक कुठे पडला, हे ठाऊक आहे.

शनिवारची शर्यत आता पुन्हा होते. परवा शर्यत संपल्यावर थोरला दमलेल्या आवाजात म्हणाला, की एका पक्षकाराच्या बँकेच्या ताळमेळात २७० रुपयांचा फरक येत आहे आणि दोन दिवस तो सापडत नाही.

धाकट्याने विचारले, “दादा, नऊने भाग जातो का बघ.”

पलीकडे काही क्षण शांतता पसरली. मग कागद उलटल्याचा आवाज आला.