आवाजाचं नंतर बघू

पुणे,
कोजागिरी पौर्णिमा

चि. सई हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

गावच्या घरी करायच्या भुताच्या ट्रेलरची तुझी चित्रांची वही दादाने काल संध्याकाळी आणून दिली आणि दूध आटवताना मी मोबाइलवर तुझा निरोप ऐकला. ‘आत्या, रात्रीच्या शॉटला कुठले लाइट भाड्याने घ्यायचे ते तुझ्या ओळखीच्या कॅमेरामनला विचारून सांग. आवाजाचं आम्ही नंतर बघू, नेटवर सगळं मिळतं.’ हे शेवटचं वाक्य मी तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकेपर्यंत दूध खाली लागलं होतं. चंद्राला दाखवलं तसंच, करपट वासाचं. अगं, जिची आत्या पस्तीस वर्षं नभोनाट्यांचे आवाज करत होती, त्या मुलीनं ‘आवाजाचं नंतर बघू’ म्हणावं? मला रागापेक्षा वाईट जास्त वाटलं.

लाइटचं आधी सांगून मोकळी होते. आमच्या जुन्या कॅमेरामननी सांगितलंय की मोठे लाइट आणूच नका. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटं आभाळात निळा उजेड असतो. तेव्हा खिडकीत कंदील ठेवून बाहेरून शॉट घ्यायचा, पडद्यावर ती रात्रच दिसते. मध्यरात्रीच्या काळोखात घेतलेल्या चित्रात दाणे येतात तसे त्यात येत नाहीत. मात्र दुपारभर तालीम करून ठेवा, कारण उजेड जायला लागला की बघता बघता जातो. पडवीतली ट्यूब चालू ठेवणार असाल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्याच्याशी जुळलं नाही तर चित्र फडफडतं. झालं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

आता माझं ऐक.

लहानपणी भीती वाटली की आपण गोधडी डोक्यावरून घेतो. दिसायचं बंद होतं, ऐकू यायचं बंद होत नाही. उलट गोधडीच्या आत जास्तच ऐकू येतं. तुमच्या ट्रेलरमध्ये प्रेक्षकाला त्या गोधडीत बसवायचंय, आणि तू तर पहिल्या दहा सेकंदांतच ती ओढून काढलीस! बेचाळीस चित्रांपैकी सहाव्यातच बाई विहिरीतून वर येते, केस मोकळे, पांढरी साडी, तोंडातून रक्त. उरलेल्या छत्तीस चित्रांत मग ती फक्त परत परत दिसत राहते. दीड मिनिटाच्या ट्रेलरमध्ये ती चार वेळा किंचाळते, आणि ती किंकाळी तुम्ही नेटवरून घेणार. सई, १९५१ साली अमेरिकेत ‘डिस्टंट ड्रम्स’ नावाच्या चित्रपटासाठी ध्वनिमुद्रित केलेली एका माणसाची किंकाळी आजवर शेकडो चित्रपटांत वापरली गेलीय. आता ती ऐकली की जाणकार लोक हसतात. घुबडाचंही तेच. नेटवरचं घुबड कुठल्या देशातल्या रानात बोललं असेल कोण जाणे. आपल्या परसात पिंगळा बोलतो, आणि त्याच्या आवाजात रडणं आहे की भांडण हे अजून मला ठरवता आलेलं नाही.

आम्हाला स्टुडिओत दाखवायला काहीच नसायचं. नारळाच्या करवंट्यांचे घोडे आणि हलवलेल्या पत्र्याची वीज तुला माहीत आहेच, लहानपणी तू माझ्या करवंट्या पळवायचीस. पण शेजारच्या खोलीतून कुणी काहीतरी ओढत नेतंय, हा आवाज मी कसा केला होता ते तुला कधी सांगितलं नाही. पोतं पाण्यात भिजवलं, आत तीन शेर तांदूळ भरले आणि कडाप्प्यावरून ओढलं. सलग ओढलं तेव्हा ते नुसतं पोतं वाटलं. मग दोन हात ओढायचं, थांबायचं, कुणीतरी दम घेतंय असं वाटेपर्यंत थांबायचं आणि पुन्हा ओढायचं, असं केलं. काचेपलीकडे बसलेल्या निर्मात्यांनी कानावरचा हेडफोन काढून ठेवला. भीती त्या थांबण्यात होती. ही गोष्ट मी तेव्हा शिकले असं सगळ्यांना सांगत आले, पण ते खरं नाही. ती मी त्याआधीच शिकले होते, आपल्याच घरात. त्याच्याकडे येते.

तू ‘महल’ बघितलास का? १९४९ सालचा, कमाल अमरोहींचा. तू जुनं म्हणून टाळला असशील. त्यातलं ‘आयेगा आनेवाला’ ध्वनिमुद्रित करताना माइक एका जागी ठेवला होता आणि लताबाईंना लांबून, कोपऱ्यातून गात गात माइकपर्यंत चालत यायला सांगितलं होतं. म्हणून तो आवाज लांबून जवळ येतो. हवेलीत कोण येतंय ते अशोक कुमारला दिसायच्या आधी आपल्याला कानांनी कळतं. यासाठी यंत्र काही लागलं नाही, एका मुलीची चाल लागली. तुमच्याकडे तर हाताच्या पंजाएवढा रेकॉर्डर आहे. तो माजघरात ठेवा आणि ओटीवरून चालत या. अनवाणी या, चप्पल घालून या, ओल्या पायांनी या. शेणानं सारवलेल्या जमिनीवर पाऊल वाजतच नाही, फरशीवर आलं की चिकटून सुटतं. माजघरातून स्वयंपाकघरात जाताना ते पाऊल एकदम ऐकू यायला लागतं, तो उंबरा तुम्हाला फुकट मिळालाय.

आणि ट्रेलरचंच म्हणशील तर ‘सायको’चा ट्रेलर शोधून बघ. १९६० सालचा, सहा मिनिटांहून लांब. त्यात हिचकॉक स्वतः त्या मोटेलमधून आणि टेकडीवरच्या घरातून आपल्याला हिंडवतो. हा जिना, ही खोली, इथं काय झालं ते सांगायला लागतो आणि सांगता सांगता थांबतो. अगदी शेवटी न्हाणीघराचा पडदा ओढतो. चित्रपटातल्या त्या न्हाणीघराच्या प्रसंगाला संगीतच नको, असं हिचकॉकचं मत होतं. बर्नार्ड हरमननी तरीही व्हायोलिनं लिहिली आणि ऐकल्यावर हिचकॉकनी मत बदललं. सुरीच्या वारांचा आवाज म्हणजे खरबुजात खुपसलेली सुरी. तुझ्या वहीत रक्तासाठी चार लिटर रंग लिहिलाय. त्या पैशात खरबुजं आण, उरतील ती खा.

आता त्या बाईविषयी.

तू लिहिलंयस, ‘जुन्या वाड्यातली विधवा, विहिरीत जीव दिलेली.’ पांढरी साडी कुठून काढलीस? हिंदी चित्रपटांतून. आपल्या घरातल्या सोवळ्या बाया आलवण नेसत. तांबडं, जाडंभरडं, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, कारण आत केस नसायचे. मोकळे केस तर लांबच. तुझ्या आजोबांच्या आत्याला, आक्काला, तू पाहिलं नाहीस. दादानं पाहिलंय. त्याला त्या रात्रीचं विचार. सांगणार नाही तो, तरी विचार.

१९६१ साली पानशेत फुटलं, पुण्याच्या घरात छातीएवढा चिखल शिरला आणि आम्हाला गावी धाडलं, ते दिवाळीपर्यंत. मी नऊ वर्षांची, दादा सहाचा. माडीवर झोपायचो. पहाटेच्या आधी, अजून कोंबडासुद्धा आरवलेला नसायचा, तेव्हा विहिरीवरचा रहाट वाजायचा. करकरायचा, आणि मध्येच थांबायचा. पुन्हा दोन करकर, पुन्हा गप्प. त्या थांबण्यात आम्ही दोघं एका गोधडीत श्वास धरून असायचो. कुणी पाणी काढत असेल तर सलग काढेल ना? थांबतं ते कोण, आणि थांबून काय ऐकतं? दादाला ताप भरला तेव्हा मी खिडकीची फळी सरकवून पाहिलं. चांदणं होतं. आक्का होती. आलवणाचा काचा मारलेला, दोर छातीशी धरलेला, आणि रहाट करकरला की ती डावा तळवा चाकावर दाबून त्याला गप्प करत होती. मुलं जागी होतील म्हणून. मग हळूच दोन हात दोर ओढायची. घरातल्या चौदा माणसांचं पाणी ती अशी अंधारात भरून ठेवायची, कारण उजाडल्यावर कुणाला कामाला बाहेर पडताना तिचं तोंड दिसायला नको असायचं. सकाळी तिच्या तळव्यावर काळं वंगण असायचं. माझी वेणी घालायच्या आधी ती ते राखेनं घासून काढायची.

मी दादाला सांगितलं. त्याचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला, पण त्यानं आक्काच्या हातचं जेवायला महिनाभर नाही म्हटलं. ती काही बोलली नाही. त्याचं ताट वाढून बाजूला सरकायची.

त्या बाईला तू विहिरीतून वर काढू नकोस. मी तुला भुताची गोष्ट करू नको म्हणत नाही. धारपांच्या आणि मतकरींच्या गोष्टी मीही दार लावून वाचल्या आहेत, आणि ‘तुंबाड’ २०१८ साली आला तेव्हा मी दोनदा पाहिला, त्यातल्या पावसासाठी. तुमचा ट्रेलर तू त्या माडीवर ठेव. एक मुलगी, एक गोधडी, खिडकीची फळी आणि खाली रहाट. चाळीस सेकंद रहाट आणि त्याचं थांबणं. शेवटी मुलगी फळीला हात लावते, तिथे तोड. विहिरीवर कोण आहे ते दाखवूच नकोस. मोठा चित्रपट पुढे कधी केलास तर तेव्हा ठरव, भूत दाखवायचं की आक्का.

हे लिहीपर्यंत मी शांत होते. पण वहीच्या शेवटच्या पानावर तुझ्या मैत्रिणीला दोर बांधून विहिरीत तीन हात खाली सोडायचं लिहिलंय, ते बघून माझे हात गार पडले. तुझ्या बाबांनी हे पान पाहिलंय का? दिवाळीपर्यंत तिथल्या काठाचं शेवाळ सुकलेलं नसतं. तो दोर घागरीचा आहे, माणसाचा नाही. अमेरिकेत २०१४ साली फेब्रुवारीत एका चित्रपटाची माणसं परवानगी नसताना रेल्वेच्या पुलावर चित्रीकरणाला गेली. गाडी आली. सारा जोन्स नावाची सत्तावीस वर्षांची कॅमेरा असिस्टंट गेली आणि दिग्दर्शकाला तुरुंगात जावं लागलं. ते अनुभवी लोक होते, सई. माझ्या डोळ्यांसमोर एका बाहेरच्या चित्रीकरणात ओल्या गवतावरून नेलेल्या जनरेटरच्या वायरचा एका पोऱ्याला झटका बसला. त्याची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. तेव्हा सगळे म्हणत होते, पाचच मिनिटांचा शॉट आहे.

विहिरीत कुणीही उतरायचं नाही. हे मी गावच्या घरी असलेल्या भाऊलाही कळवलंय, त्यामुळे माझ्यामागे चोरून करता येणार नाही. परसात रात्री बॅटरीशिवाय जायचं नाही, पायात बूट हवेत. जांभ्याच्या गडग्यात फुरसं असतं. ते अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतं, सुक्या पानांवर कुणी वाळू ओतावी तशी खरखर येते. ती ऐकू आली की जिथे असाल तिथे थांबा, उजेड पाडा आणि मागे या. ती रेकॉर्ड करायला जाऊ नकोस, मला तुझा स्वभाव माहीत आहे. गावात पोलीस पाटलाला आणि वाडीतल्या चार घरांना आधी सांगून या, नाहीतर रात्री किंकाळी ऐकून लोक काठ्या घेऊन धावत येतील. आणि उद्या त्या घरात भूत आहे अशी आवई उठली तर भाऊकडे आंबे उतरवायला गडी मिळायचा नाही.

एक राहिलं. प्रत्येक जागी शॉट संपला की सगळ्यांना दोन मिनिटं गप्प उभं करायचं आणि नुसती त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. माजघराची वेगळी, माडीची वेगळी. संकलन करताना जोड लपवायला तीच लागते. फ्रिजची घरघर येईल, तो बंद करावा लागेल. बंद करशील तेव्हा गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेव, म्हणजे निघताना किल्ली शोधशील आणि फ्रिज चालू करायचं आठवेल. विसरू नकोस गं, भाऊचं इन्सुलिन असतं त्यात.

भाऊ काल फोनवर म्हणत होता, पोरं येणार म्हणून रहाटाला तेल देऊन ठेवतो, फार करकरतो. मी त्याला म्हटलं, मुलीचं काम होईपर्यंत हात लावू नकोस. पोचलात की फोन कर, कितीही उशीर झाला तरी मी जागी आहे.

तुझी,
आत्या