हिमाचें पाणी

ज्या महिन्यांत पाऊस पडतो त्याच महिन्यांत नद्यांना पूर येतो, हा सह्याद्रीच्या छायेंत वाढलेल्या आपणां सर्वांचा अनुभव. आषाढांत दुथडी वाहणारा ओढा चैत्रांत कोरडा पडलेला पाहण्याची आपल्या डोळ्यांना सवय असते. परंतु जेथें वर्षभरांत पाऊस आणि हिम मिळून जेमतेम चार इंच पाणी पडतें, तेथें सातूचीं हिरवीगार शेतें उभीं राहतात, हें प्रत्यक्ष पाहिल्यावांचून पटत नाहीं. माझा पुतण्या नोकरीनिमित्त लेहला असतो. त्याच्या व सूनबाईच्या आग्रहावरून गेल्या वर्षीं एप्रिलअखेरीपासून जूनपर्यंत मी तेथें राहिलें, आणि पाण्याविषयींच्या माझ्या कल्पनांत बरीच भर पडली.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारें साडेअकरा हजार फुटांवर आहे. हिमालयाच्या रांगा आडव्या येत असल्यामुळें आपला मोसमी पाऊस तेथवर क्वचितच पोहोंचतो. शेतीला पाणी मिळतें तें डोंगरमाथ्यावरच्या हिमाचें. हिंवाळ्यांत साचलेलें हिम हें त्या गांवांचें कोठीघर, पण त्याची किल्ली सूर्याच्या कमरेला! सातू पेरावयाचा एप्रिल-मेमध्यें, आणि उंचावरच्या हिमनद्या तर तेव्हां अद्याप गोठलेल्या. खालच्या उतारावरील विरळ हिम वितळून जी धार येते तेवढ्यावर सारी भिस्त. पुढें जूनअखेर ऊन तापलें कीं तोच ओढा फेसाळत येतो, आणि गरजेहून अधिक झालेलें पाणी सिंधूला जाऊन मिळतें. पेरणी लांबवावी म्हटलें तर सप्टेंबरांतच थंडी दाराशीं येते. वर्षाकांठीं पीक एकच. म्हणजे पाणी एकंदर किती, ह्यापेक्षां तें पेरणीच्या पंधरवड्यांत हातीं येतें कीं नाहीं, हा तेथला खरा प्रश्न. पंधरा तारखेला वाण्याचें देणें आणि पगार मात्र तीस तारखेला, असा संसार जिनें केला आहे तिला हें अधिक उलगडून सांगावयास नको.

लेहपासून मोटारीनें तासाभराच्या वाटेवर एका गांवीं पुतण्याच्या स्नेह्यांकडे आम्ही आठवडाभर होतों. घरांतल्या आजींना सगळे ‘आबी-ले’ म्हणत. सत्तरी उलटलेली ही बाई पहांटे फावडें घेऊन बांधावर उभी असे. दिवसा वितळलेलें पाणी डोंगरावरून गांवांत पोहोंचेपर्यंत सांज होते. रात्रीचें पाणी ‘झिंग’ नांवाच्या तळ्यांत अडवितात आणि सकाळीं ‘युरा’ म्हणजे पाटानें शेतांवर सोडतात. आपली पाळी आली कीं आबी-ले पाटाच्या तोंडचा दगड व मातीचें ढेंकूळ बाजूला सारीत, आणि वाफा भिजला कीं तेंच ढेंकूळ पुन्हां जागेवर दाबून बसवीत. पाळ्या लावणारा ‘चुरपोन’ गांवानेंच नेमलेला. आपल्या खानदेशांत पांझरेच्या कांठीं फड पद्धतींतला पाटकरी हेंच काम करी.

मीं एकदां विचारलें, “आबी-ले, कोणी पाळी मोडून पाणी घेतलें तर?” नातवानें दुभाष्याचें काम केलें. म्हातारी हंसून म्हणाली, “चुरपोनच्या कानावर जातें. मग वर्षभर कोणाच्या घरीं चहाला जायची त्याला लाज वाटते.” आमच्या पुण्याच्या वाड्यांतल्या सामाईक नळाला असा चुरपोन कधीं लाभला नाहीं, हें मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं.

हा वसंतांतला तुटवडा भरून काढण्याची युक्ति चेवांग नॉरफेल ह्या लडाखी अभियंत्यानें योजिली. हिंवाळ्यांतही ओढ्यांना थोडें पाणी असतें, पण शेतें गोठलेलीं असल्यानें तें वायां जातें. त्यांनीं १९८७ सालीं फुकत्से गांवीं हें पाणी डोंगराच्या सांवलींत वळविलें व दगडी बांधांमागें थरावर थर गोठूं दिलें. हा बर्फ नैसर्गिक हिमनदीच्या बराच खालीं, गांवाजवळ असतो, म्हणून आधीं वितळतो आणि ऐन पेरणीला उपयोगीं पडतो. २०१५ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. पुढें २०१३-१४ च्या सुमारास सोनम वांगचुक ह्यांनीं नळानें उंचावरचें पाणी आणून, थंडींत कारंज्यासारखें उडवून, बर्फाचा उंच शंकु उभारण्याची रीत काढली. त्यास पंपाची गरज नाहीं. आणि शंकूच्या आकारामुळें उन्हाला थोडाच पृष्ठभाग सांपडतो.

तथापि ह्या साऱ्या युक्त्यांनीं पाण्याचा महिना बदलतो, पाणी वाढत नाहीं. झांस्करमधील कुमिक गांवाची सारी भिस्त डोंगरमाथ्यावरच्या हिमाच्या पाण्यावर होती. तें कमी होत गेलें, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचीं घरें सोडून लोकांना खालीं नदीजवळ वस्ती हलवावी लागली. हिंदुकुश-हिमालयांत हिम टिकून राहण्याचें प्रमाण नेहमीपेक्षां सुमारें २४ टक्क्यांनीं घटून २३ वर्षांतील नीचांकास पोहोंचल्याचें काठमांडूच्या इसिमोड संस्थेनें २०२५ सालीं सांगितलें. इकडे लेहमध्यें आमच्यासारख्या पाहुण्यांसाठीं उपाहारगृहें आणि विंधनविहिरी वाढत आहेत. लडाखी घरांतल्या कोरड्या शौचकूपाला नाकें मुरडणारे प्रवासी मीं पाहिले; त्याला एक तांब्याही पाणी लागत नाहीं व शेताला खत मिळतें, हें त्यांना कोणीं सांगावें?

परवां पुतण्यानें कळविलें: “काकू, आबी-लेंची पेरणी झाली. पण ओढ्याला धार बारीक आहे. चुरपोननें पाळी चार दिवसांवरून सहा दिवसांवर नेली, आणि वरचीं दोन शेतें त्यांनीं ह्या वर्षीं पडीक ठेवलीं आहेत.”