आजची बोर्डावरची

मामांच्या हातचे ४१ कागद माझ्याकडे आहेत. सगळे पाठकोरे. एका बाजूला सायक्लोस्टाइल केलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका, कुठे गणिताची, कुठे अप्लाइड मेकॅनिक्सची; मागच्या कोऱ्या बाजूवर निळ्या बॉलपेनने काढलेली इंग्रजी अक्षरं. काढलेली म्हणते, कारण मामा चौथीपर्यंत शिकलेले, तेही मराठी शाळेत. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. एकेक अक्षर बघायचं आणि तसंच्या तसं उतरवायचं. एस उलटा पडायचा. शब्द कुठे संपतो ते कळायचं नाही, म्हणून अख्खी ओळ एकाच लांबलचक शब्दासारखी सलग जायची. खाली प्राचार्यांच्या सहीचा फराटा असेल तर तोही गिरवलेला, आणि शेजारी कॉलेजचा गोल शिक्का, आतल्या बारीक अक्षरांच्या जागी नुसती टिंबं.

मामा आमच्या कॉलेजात शिपाई होते. कॉलेजात सगळ्याच शिपायांना मामा म्हणतात. मला ते घरचेही मामा होते, कारण बाळकुम पाड्यात आमच्यापासून चार घरं सोडून राहायचे आणि आई त्यांना राखी बांधायची. त्यांचं आणि कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. मामांना स्वतःबद्दल चार माणसांत बोललेलं कधी आवडलं नाही. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेलं एक इंजिनीअरिंग कॉलेज, एवढं पुरे.

१९८८ साली मी इलेक्ट्रिकलला प्रवेश घेतला तेव्हा वर्गात आम्ही चारच मुली होतो. बाळकुमात अजून भातशेती होती. भरतीच्या वेळी खाडीचा वास घरात यायचा. कोलशेत रोडच्या कारखान्यांचे भोंगे झाले की बायका डबे भरायला घ्यायच्या. माझे वडीलही अशाच एका केमिकल कंपनीत होते. ठाणे परिवहनच्या बस फेब्रुवारी १९८९ मध्ये सुरू झाल्या आणि स्टेशनला जाणं जरा सोपं झालं. सकाळच्या बसमध्ये मामा पुढच्या दारापाशी उभे असायचे. मला जागा मिळाली की नाही ते एकदा वळून बघायचे, मग थेट स्टेशनवर उतरेपर्यंत बोलायचे नाहीत. कॉलेजात तर ओळखही दाखवायचे नाहीत. शिपायाची भाची म्हणून मुलीला कुणी काही बोलायला नको, हे त्यांचं त्यांनी ठरवून टाकलं होतं. जेवणाच्या सुट्टीत मात्र ते हमखास एका जागी दिसायचे: वर्कशॉपच्या दाराशी, चौकटीला टेकून, हातावर तंबाखू मळत. आत लेथवर जॉब फिरत असायचा आणि मामा त्या निघणाऱ्या चकचकीत कीसाकडे बघत असायचे.

जानेवारी १९९० मध्ये मला कावीळ झाली. मी दुसऱ्या वर्षाला होते. डोळे पिवळे झाले, अंथरुणावरून उठलं की भोवळ यायची. डॉक्टरांनी सांगितलं, दीड-दोन महिने घराबाहेर पडायचं नाही. आईने हळद-तेल बंद केलं, मामी रोज सकाळी पेज आणून ठेवायची. दुखण्यापेक्षा मला भीती होती ती टर्मची. इंजिनीअरिंगच्या मुलांना परीक्षेइतकाच घोर ‘टर्म ग्रँट’ होण्याचा असायचा, हे त्या काळी शिकलेल्यांना सांगायला नको. ७५ टक्के हजेरी, जर्नलांवर सह्या, ड्रॉइंगच्या शीट तपासून झालेल्या, टर्मवर्क पुरं. मग परीक्षेचा फॉर्म पुढे जाणार. यातली प्रत्येक तारीख नोटीसबोर्डावर लागायची आणि फक्त तिथेच लागायची. पाड्यात फोन एका किराणा दुकानात. मैत्रिणी एक वसईची, एक चेंबूरची, एक गिरगावातली. त्या बाळकुमला येणार कधी?

आजारपणाच्या पहिल्या आठवड्यातच एका संध्याकाळी मामा आले. चप्पल बाहेर काढून उंबऱ्याच्या आत जेमतेम टेकले आणि शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून आईकडे दिला.

“बाय, आजची बोर्डावरची.”

नोटीसबोर्डाच्या काचेच्या कपाटाची किल्ली मामांकडे असायची. नव्या नोटिसा ड्रॉइंग पिनांनी लावणं, मुदत संपलेल्या काढणं हे त्यांचंच काम. ऑफिस सुटल्यावर ते बोर्डासमोर स्टूल घेऊन बसायचे आणि त्या दिवशी लागलेलं सगळं उतरवून काढायचे. सगळं म्हणजे सगळं. माझ्या उपयोगाचं कोणतं, हे त्यांना कळण्याची सोय नव्हती. आणि मधल्या कुणाला विचारून वाचून घ्यावं, तर त्याच्यावर भरवसा ठेवावा लागला असता. तो त्यांनी ठेवला नाही. एखादी ओळ सुटली आणि नेमकी तीच पोरीची असली तर? आईने एकदा म्हटलं, दादा, एवढं कशाला, मोठं काही असेल तेवढंच आणा. मामा म्हणाले, “मोटं कुटलं नि बारीक कुटलं, त्या मला थोडंच कलतं?”

त्यामुळे त्या सात आठवड्यांत कॉलेजात जे जे घडलं ते बाळकुममधल्या माझ्या खाटेवर पोचलं. सेकंड इयर मेकॅनिकलच्या मुलाचा कॅसिओ कॅल्क्युलेटर ड्रॉइंग हॉलमध्ये हरवला. लायब्ररीत थेराजाच्या पुस्तकांच्या प्रती वेळेवर परत न करणाऱ्यांची नावं लागली. रक्तदान शिबिर झालं. गॅदरिंगच्या नाटकाची तालीम हॉलऐवजी जिमखान्यात हलवली. ट्रॉम्बेच्या वीज केंद्राची इंडस्ट्रियल व्हिजिट ठरली, रद्द झाली, पुन्हा ठरली; तिन्ही कागद माझ्याकडे आहेत. ट्रान्सफॉर्मरची ओपन सर्किट आणि शॉर्ट सर्किट टेस्ट कोणत्या बॅचची कधी, ते वेळापत्रक मामांनी रकान्यांसकट आखून आणलं होतं, पट्टी नसल्याने रेघा वाकड्या. रात्री कंदिलासारख्या पिवळ्या बल्बखाली मी ती सलग अक्षरं फोडत बसायचे, कुठे रेघ मारायची, कुठे शब्द तुटतो ते शोधत. कॉलेजात असताना मी बोर्डाकडे एवढं लक्ष कधी दिलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एक कागद आला, नुसता आकड्यांचा. वरती दोन ओळी आणि खाली रोल नंबरांची रांग. ती डिफॉल्टर लिस्ट होती. हजेरी कमी असलेल्यांनी चार दिवसांत कारण लेखी द्यावं, आजारपण असल्यास वैद्यकीय दाखला जोडावा, नाहीतर टर्म ग्रँट होणार नाही. सहाव्या ओळीत माझा नंबर होता. मामांना माझा रोल नंबर माहीत नव्हता. तो नंबर त्यांनी इतर पस्तीस नंबरांसारखाच मन लावून काढला होता. आकडे मात्र सरळ, कारण आकडे त्यांना यायचे. वडील दुसऱ्या दिवशी पाळी बदलून डॉक्टरांकडे गेले, दाखला आणला, मी अर्ज लिहिला आणि मामांनी तो विभागप्रमुखांच्या टेबलावर नेऊन ठेवला. पोच घेऊन आले. सही आणि तारीख, दोन्ही. पोच घ्यायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये मी कॉलेजात गेले, टर्म ग्रँट झाली, परीक्षा दिली. वर्ष वाचलं. १९९२ साली पदवी मिळाली. त्या कागदावर विद्यापीठाचं नाव अजून ‘बॉम्बे’ आहे. ते ‘मुंबई’ झालं १९९६ साली. पुढे वीज मंडळात लागले, पडघ्याच्या ४०० केव्ही उपकेंद्रात बरीच वर्षं काढली. त्या एका वर्षाचा खाडा पडला असता तर घरच्यांनी मला पुन्हा कॉलेजात पाठवलं असतं का, याचं उत्तर मला ठाऊक आहे. धाकटे दोन भाऊ शिकायचे होते, मुलगी विशीची झाली होती, आणि स्थळं येत होती. मंडळातल्या पहिल्या पगारातून मी मामांना शर्टाचं कापड आणि मामीला लुगडं घेतलं. मामांनी कापड हातात घेऊन नीट बघितलं आणि ते शिवलं ते माझ्या लग्नाला. शिपाई म्हणूनच ते निवृत्त झाले. २००९ मध्ये गेले.

गेल्या पावसाळ्याआधी आमचं जुनं घर पाडायला काढलं. पाड्यातली घरं आता एकेक करून जात आहेत. नाक्यावर मेट्रोचे खांब आले, खाडीकडे टॉवर. आमच्या बाळकुमातच आता मुंबई विद्यापीठाचा ठाणे उपपरिसर आहे, कायद्याचे नि व्यवस्थापनाचे वर्ग भरतात. निकालाच्या दिवसांत तिथली मुलं रस्त्यातच थांबून फोनमध्ये बघताना दिसतात, आणि मला दर वेळी मामांचा खिसा आठवतो. तर त्या आवराआवरीत आईच्या ट्रंकेत तळाशी ही थप्पी सापडली. आईने दोऱ्याने बांधून ठेवली होती. मी एका बैठकीत सगळे कागद वाचले, पस्तीस वर्षांनी, पहिल्यांदाच सगळे.

सत्ताविसावा कागद मी तेव्हा वाचला नव्हता. किंवा वाचला असेल, वरची ओळ, आणि आपला नाही म्हणून बाजूला ठेवला असेल. ती नोटीस विद्यार्थ्यांसाठी नव्हती. वर्कशॉपमध्ये मदतनिसाची एक जागा भरायची होती. कॉलेजातल्याच चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांकडून अर्ज मागवले होते. शिक्षण चौथी पास, नोकरी किमान दहा वर्षं. अर्ज साध्या कागदावर चालेल. मुदत आठ दिवस.

त्यांना ते दुसऱ्या कुणी सांगितलं होतं का, त्यांनी अर्ज केला होता का, हे आता कळायला मार्ग नाही. केला असता तर मामी बोलली असती. मला एवढंच माहीत आहे की ती नोटीस त्यांनी स्वतःच्या हाताने बोर्डावर लावली, स्वतःच्या हाताने अक्षर अक्षर उतरवली, बसमधून, लोकलमधून, पुन्हा बसमधून खिशात जपून आणली आणि ज्या एका माणसाला ती वाचता येत होती तिच्या हातात दिली. माझ्या अर्जाला दोन दिवस लागले नाहीत. त्यांच्या अर्जासाठी मला फक्त एकदा म्हणायचं होतं, मामा, ही तुमची आहे.

तो कागद घेऊन मी मामीकडे गेले. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, मुलाच्या फ्लॅटमध्ये असते. तिला नोटीस मराठीत वाचून दाखवली, आणि मी काय केलं, काय केलं नाही, तेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं. कागद हातात घेतला, अक्षरांवरून बोट फिरवत खाली आली आणि थांबली.

“यो शिक्का त्यांनीच काडला?”

“हो मामी. सगळेच त्यांनी काढलेत.”

ती हळूहळू उठली. कपाटात देवाच्या फोटोंमागे हात घालून तिने मामांची चुन्याची डबी काढली, अॅल्युमिनियमची, कडा झिजलेली, झाकणाला अजून पांढरं लागलेलं. कागद गुडघ्यावर पसरला आणि डबी त्या वर्तुळावर ठेवली. काठाला काठ बसला. मामीने डबी उचलली, पाहिलं, आणि पुन्हा तिथेच ठेवली.