शिवेवरचा लांडगा

मराठीत ‘शीव’ म्हणजे हद्द. मुंबईची बेटे जिथे संपत त्या जागेला हेच नाव पडले आणि इंग्रजांच्या लेखणीतून त्याचे ‘सायन’ झाले. १६६९ ते १६७७ या काळात, जेरार्ड ऑन्जिअर गव्हर्नर असताना, इंग्रजांनी इथल्या टेकडीवर किल्ला बांधला, तो पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी होती म्हणून. पुढे १८०५ मध्ये कुर्ल्याकडे जाणारा बांध पुरा झाला, खाडी हटत गेली, आणि हद्द तेवढी नावात उरली. या टेकडीपासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, १९८६ पासून दर कोजागिरीला, चार जण एकच चित्रपट पाहत: ‘द वुल्फ मॅन’, युनिव्हर्सल कंपनीचा, १९४१ सालचा, जेमतेम सत्तर मिनिटांचा, कृष्णधवल.

घर पदार्थविज्ञानाच्या एका प्राध्यापकांचे. उरलेल्या तिघांत एक संस्कृत शिकवणाऱ्या बाई, एक इतिहासात एम. ए. करून विमा कचेरीत रुजू झालेले गृहस्थ आणि एक मुद्रितशोधक. ध्वनिचित्रफीत विमावाल्यांनी कुठल्याशा व्हिडिओ लायब्ररीतल्या फितीवरून उतरवून आणली होती. तिच्यावर मध्येच पाऊस पडल्यासारख्या रेघा येत आणि तीन-चार संवाद कायमचे गिळले गेले होते. पण एखाद्या प्राचीन पोथीतल्या त्रुटित ओळी अभ्यासकाला जशा पाठ असतात, तसे त्या रिकाम्या जागांत काय असणार हे चौघांनी ठरवून टाकले होते. कोजागिरीची निवड मात्र आटवलेल्या दुधासाठी झालेली नव्हती. चित्रपटात पुन्हापुन्हा येणाऱ्या पद्यात शरदातल्या चंद्राचा उल्लेख आहे. पौर्णिमेची अट त्यात नाही. ती १९४३ च्या पुढील भागात, त्याच पद्याची ओळ बदलून, घातली गेली. शरद आणि पौर्णिमा या दोन्ही अटी एकाच रात्रीत पुऱ्या होतात म्हणून कोजागिरी, असा मुद्रितशोधकाचा युक्तिवाद होता. पाठभेदांचा असा समन्वय करणारा माणूस हस्तलिखितांच्या अभ्यासाला मुकला, याचे बाईंना नेहमी वाईट वाटे.

हे पद्य लोकपरंपरेतले नाही. पटकथाकार कर्ट सिओडमाक याने ते स्वतः रचले, आणि पुढे लोक त्याला जुने लोकगीत समजू लागले. लोकसाहित्याचा आभास निर्माण करणारी रचना आणि लोकसाहित्य यांतली सीमारेषा किती पुसट असते, याचे याहून चांगले उदाहरण वर्गात देता येणार नाही. सिओडमाक ज्यू होता. हिटलर सत्तेवर आल्यावर त्याने जर्मनी सोडली, तो आधी इंग्लंडला आणि मग अमेरिकेला गेला. त्याच्या कथेतल्या वृकमानवाला पुढच्या बळीच्या तळहातावर तारा दिसतो. १९४१ च्याच सप्टेंबरात जर्मनीत ज्यूंना कपड्यांवर तारा लावण्याची सक्ती झाली. पडद्यावरचा तारा पंचकोनी, सक्तीचा षट्कोनी. पण हा भेद निर्णायक मानायचा का, यावर विमावाल्यांनी एका कोजागिरीला पहाटे दोनपर्यंत सगळ्यांना जागे ठेवले होते. को जागर्ति या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री तरी सरळ होते.

भाषेचा वाद याहून जुना. या प्राण्याला मराठीत म्हणायचे काय? ‘वृकमानव’ पुस्तकी वाटतो, ‘लांडगामाणूस’ ओबडधोबड. नाव नाही, कारण भयाची ही जातच मराठीत विरळ. मुंजा, हडळ, गिऱ्हा ही सारी मेलेल्यांची मंडळी. कुणाची तरी इच्छा अपुरी राहिली म्हणून ती मागे राहतात आणि जिवंत माणसाला ‘लागतात’. जिवंत माणूसच जनावर होतो, हे भय निराळे. त्याच्या जवळ जाणारे आपल्याकडे काही असेल तर ते गावाच्या वेशीवर सापडते. वारली पाड्यांत वाघदेव शिवेजवळ असतो, कोकणात देवचार सीमा राखतो. गाव आणि रान जिथे भेटतात तिथे ज्याला भ्यायचे त्याचीच पूजा होते. १९९२ च्या ‘जुनून’मध्ये लांडग्याच्या जागी वाघ आला, तेव्हा बाकी चित्रपटाविषयी कुणी काहीही म्हणो, तेवढे भाषांतर जाणतेपणाचे होते.

संस्कृतच्या बाईंनी या वादात एक निराळा धागा आणला. ‘पुरुषव्याघ्र’ हा समास गौरवाचा. पाणिनीने त्यासाठी स्वतंत्र सूत्र दिले आणि त्यात अट घातली, ती अशी की उपमेय व उपमान यांचा समान धर्म शब्दाने सांगितलेला नसावा. पुरुष आणि वाघ यांत सारखे काय, हे उघड बोलायचे नाही. बोलले की समास मोडतो. बाईंच्या मते हा चित्रपट म्हणजे असा न सोडवलेला समास आहे. लॅरी टॅल्बट हा सुस्वभावी, थोडासा बावळट तरुण आणि लांडगा यांत समान काय आहे, हे कुणीही सांगत नाही. जॅक पिअर्सची रंगभूषा इतकी गाजली, तरी माणसाचा लांडगा होत असताना चेहरा दिसतच नाही, दिसतात ती पावले. चेहरा बदलताना दिसतो तो एकदाच, अखेरीस, लांडग्याचा माणूस होताना. आणि तोवर तो माणूस मेलेला असतो.

प्राध्यापकांना यातले काही पटत नसे. ते अंधश्रद्धेचे कडवे विरोधक, आणि चित्रपटात त्यांचा पक्ष ठरलेला होता: लॅरीचे वडील सर जॉन टॅल्बट, क्लॉड रेन्सने साकारलेले. घरात दुर्बीण बाळगणारा, आकाशाचा अभ्यास करणारा, वृकमानव हा मनाचा आजार आहे असे शांतपणे समजावणारा माणूस. तेवढा एकच शहाणा, बाकी सारे गाव खुळे, असे ते दर वर्षी म्हणत. अखेरच्या भागात सर जॉन मुलाला खिडकीसमोर खुर्चीला पट्ट्यांनी बांधतात. हेतू छळाचा नाही, सिद्धतेचा आहे: रात्र उलटली, तू माणूसच राहिलास, की तुझे तुलाच पटेल. मग मुलाच्या आग्रहाखातर त्याचीच चांदीच्या मुठीची काठी हाती घेऊन ते शिकाऱ्यांकडे निघून जातात. “प्रयोगाची रचना निर्दोष आहे,” असे प्राध्यापक या जागी म्हणत आणि बाकीचे हसत. हे हसू त्या रात्रीच्या विधीचाच भाग झाले होते.

१९९७ मध्ये प्राध्यापकांचा मुलगा एकोणीस वर्षांचा होता. पावसाळ्यात त्याने कॉलेजला जाणे सोडले. भिंतीपलीकडून आपल्याविषयी बोलणे ऐकू येते, असे तो सांगू लागला. गावाकडच्या नातलगांनी त्याला ‘बाहेरचे’ म्हटले आणि कुणा देवऋष्याचे नाव सुचवले. प्राध्यापकांनी त्यांना घरातून जवळजवळ हाकलले. यात त्यांचे काही चुकले नाही. चुकले ते पुढे. बाधा खोटी म्हणून आवाजही खोटे, असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि मुलाला वेळापत्रक आखून दिले. भिंतीला कान लावून दाखवला. पलीकडच्या बिऱ्हाडात कुणीच राहत नाही हे कुलूप दाखवून सिद्ध केले. प्रयोगाची रचना इथेही निर्दोष होती. मुलगा चार महिने गप्प राहिला, आणि हे गप्प राहणे सुधारणा म्हणून नोंदले गेले. नोव्हेंबरात एका रात्री तो रेल्वेच्या रुळांकडे निघाला, तेव्हा ओळखीच्या एका दुकानदाराने त्याला हाताला धरून परत आणले. त्यानंतर मानसोपचार सुरू झाले. औषध लागू पडायला वर्ष गेले. पण लागू पडले.

त्या वर्षीची आणि त्याच्या पुढच्या वर्षीची कोजागिरी झाली नाही. १९९९ मध्ये पुन्हा जमावे असे प्राध्यापकांनीच कळवले. फीत कुठली लावायची, हे कुणी विचारले नाही. बाईंनी सोबत दुसरी एक कॅसेट आणली होती, ती पिशवीतच राहिली. मुलगा आधीच्या वर्षांत अभ्यासाच्या नावाखाली आतल्या खोलीत असे. या वेळी तो बाहेर येऊन जमिनीवर, वडिलांच्या खुर्चीला टेकून बसला.

अभिनवगुप्ताने शाकुंतलातल्या पळणाऱ्या हरिणाच्या आधारे भयाच्या प्रतीतीचे जे विवेचन केले आहे ते सर्वपरिचित आहे. ते भय देशकालापासून सुटलेले असते. ‘मी भ्यालो’ किंवा ‘हा भ्याला’ असे त्याचे स्वरूप नसते. रसास्वादाला येणाऱ्या विघ्नांत, स्वतःच्याच सुखदुःखात प्रेक्षकाने बुडून जाणे, हे एक विघ्न त्याने सांगितले. या सिद्धांताने पाहिले तर त्या रात्री खोलीत बसलेला एकही प्रेक्षक अधिकारी नव्हता. विमावाले पडद्याकडे न पाहता प्राध्यापकांकडे पाहत होते, बाई मुलाकडे. साधारणीकरण वगैरे काही घडत नव्हते. तरीही तेरा वर्षे कुणाला न दिसलेली गोष्ट त्याच रात्री दिसली, आणि विघ्नांच्या त्या यादीकडे पुन्हा एकदा पाहावे असे वाटण्याला एवढे कारण पुरेसे आहे. साधारण झालेला प्रेक्षक कलाकृती निर्वेधपणे भोगतो हे खरे. पण निर्वेध भोगण्याच्या सवयीने तिचा एखादा भाग वर्षानुवर्षे झाकला जातो, हेही खरे. हास्य हा त्या झाकणाचा एक प्रकार. खुर्चीच्या प्रसंगाला हसणारे चौघे उत्तम रसिक होते.

तो प्रसंग आला. सर जॉननी पट्टे आवळले. प्राध्यापक ठरलेले वाक्य बोलले नाहीत, आणि त्या जागी फितीचा खरखराट ऐकू आला. सर जॉन काठी घेऊन बाहेर पडले.

“हे चुकलं,” मुलगा म्हणाला.

“पट्टे सैल होते,” मुद्रितशोधक सवयीने म्हणाला आणि ओशाळला.

“पट्टे नाहीत हो काका. बांधलं ते ठीकच आहे, त्याला तेच हवं होतं. पण मग बाबांनी खोलीत थांबायला पाहिजे होतं.”

कुणी काही बोलले नाही. पडद्यावर धुके दाटले. सर जॉननी अंधारात जनावरावर काठी उगारली, उगारत राहिले. मारिया उस्पेन्स्कायाची म्हातारी मालेवा गाडीतून आली आणि तिने आपले शब्द म्हटले. केस ओसरले, चेहरा मुलाचा झाला. सर जॉनच्या चेहऱ्यावर त्या क्षणी दुःखाच्याही आधी येते ते केवळ न समजणे. समासाचा विग्रह झाला होता, समान धर्म कळला होता, आणि तो कळण्याची वेळ टळून गेली होती. रेन्सचा हा अभिनय इतका संयत आहे, की एरवी या चित्रपटाच्या भडकपणावर टीका करणाऱ्या बाईंनीही पुढे त्याविषयी कधी शेरा मारला नाही.

शेवटची अक्षरे सरकली तरी प्राध्यापकांनी यंत्र बंद केले नाही. फीत संपून आपोआप मागे फिरू लागली. मग ते मुलाला म्हणाले, “मी कुलूप दाखवलं होतं तुला.”

“हो,” मुलगा म्हणाला. “कुलूप होतंच तिथे.”

चंद्र एव्हाना टेकडीवरून बराच पुढे सरकला होता. गच्चीवर जायचे या वेळी कुणाच्या लक्षात राहिले नाही. दूध आतच, ओट्यावर थंड झाले. मुलानेच पेले भरून आणले. दुधावर दाट साय धरली होती. एका पेल्यावरची त्याने चमच्याने बाजूला काढली आणि तो पेला वडिलांपुढे ठेवला. त्यांना साय चालत नाही.