दुसऱ्या दिवशीची शाळा

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दुःख सगळ्या गावाचं होतं. त्यामुळे ते चारचौघांत बोलता आलं, एकमेकांच्या गळ्यात पडून रडता आलं. लैंगिक अत्याचार झालेल्या लेकराच्या घरात नेमकं याच्या उलट घडतं. दार लोटलं जातं, आवाज खाली येतात, दप्तर खुंटीवरच राहतं. मुलांच्या मानसिक आरोग्याचं काम करताना माझं एक मत पक्कं झालं आहे. अशा लेकराला सावरतो तो त्याचा रोजचा दिवस: सकाळची शाळा, संध्याकाळचा खेळ, रात्रीची निर्धास्त झोप. हा दिवस वाचवायचा असेल, तर मदत लेकराइतकीच घरातल्या मोठ्या माणसांना मिळाली पाहिजे. समुपदेशकाकडे लेकरू आठवड्यातून तासभर असतं. उरलेला सगळा आठवडा आईचा, आजीचा आणि वर्गातल्या बाईंचा असतो.

हे केवळ मायेपोटी म्हणत नाही. एस्थर डेब्लिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध केला. अत्याचार झालेल्या मुलांच्या एका गटात फक्त मुलांवर उपचार केले, दुसऱ्यात फक्त आयांबरोबर काम केलं, तिसऱ्यात दोघांबरोबर; चौथ्या गटाला नेहमीच्या सेवांकडे पाठवलं. मुलांवर थेट उपचार झाले तिथे आघाताची लक्षणं, म्हणजे दचकणं, वाईट स्वप्नं, टाळाटाळ, जास्त कमी झाली. आयांबरोबर काम झालं तिथे मुलांचं नैराश्य उतरलं, आदळआपटही कमी झाली. आईला आधार देणं हासुद्धा लेकरावरचा उपचारच आहे, असा याचा सरळ अर्थ. तो रोजच्या वागण्यात कसा उतरतो तेही पाहू. लेकरानं सांगितल्यावर घरातून पहिला प्रश्न येतो, ‘तू तिकडं गेलीसच कशाला?’ विचारणारी माय घाबरलेली असते, पण लेकराला तो आरोप वाटतो. त्या जागी ‘सांगितलंस, लई बरं केलंस; तुझी काही चूक नाही’ एवढंच म्हणायला मायला कुणीतरी शिकवावं लागतं, आणि त्याआधी तिचं स्वतःचं रडणं कुणीतरी ऐकून घ्यावं लागतं. नऊ वर्षांचं पोर पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, तर भावंडांसमोर काही न बोलता गोधडी बदलायची, हेही तिला तेव्हाच सुचू शकतं.

यावर म्हटलं जातं, की खपली कशाला काढायची, लहान आहे, विसरून जाईल. बोललं नाही म्हणून लेकरू विसरत नाही; ते फक्त एवढं शिकतं, की ही गोष्ट या घरात काढायची नसते. मोठी माणसंही विसरत नाहीत, आणि त्यांची भीती निर्णयांतून बाहेर पडते: मुलीची शाळा बंद, बाहेर जाणं बंद, मग स्थळ बघणं सुरू. नांदेड-लातूरला लागून असलेल्या परभणीत २० ते २४ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. जिथे ही वाट आधीच मळलेली आहे, तिथे घाबरलेला बाप तिच्यावरून चालायला लागला तर नवल नाही. त्याला राक्षस ठरवून काही साधणार नाही. पण गुन्हा दुसऱ्यानं केला आणि शाळा मात्र लेकराची सुटली, हे त्याला शांतपणे दाखवून द्यावं लागतं. मुलग्यांच्या बाबतीत तर घर दखलही घेत नाही, कारण त्यांच्यावर असं काही होतं हेच मान्य नसतं. केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यानं माहिती असणाऱ्या प्रत्येकाला कळवणं बंधनकारक केलं आहे. त्या धाकानं कुटुंब डॉक्टरकडेही जात नाही, बभ्रा होईल म्हणून गप्प बसतं. ही अडचण मी नाकारत नाही. पण याच कायद्यात त्यावरचा उतारा आहे आणि तोच सर्वांत कमी माहीत आहे. पोलिसांनी जबाब लेकराच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यायचा, तोही साध्या कपड्यांत. लेकराची ओळख उघड करणाऱ्या प्रसारमाध्यमांना शिक्षा आहे. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं. २०२० च्या नियमांनुसार समिती एक साहाय्यक व्यक्ती नेमू शकते, जी तपासापासून निकालापर्यंत कुटुंबाबरोबर राहते. अन्न, कपडे, प्रवास यांसाठी तातडीच्या मदतीची शिफारस करता येते. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडकडच्या वाडीवरून तारखेला येणाऱ्या मायची त्या दिवसाची मजुरी बुडते, तिकिटाचे पैसे जातात, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात दुपारी पुढची तारीख कळते. त्या व्हरांड्यात शेजारी बसणारं माणूस हे मला या कायद्यातलं सर्वांत मोलाचं कलम वाटतं. पालकांनी मागितलं तरच द्यायची ही सोय नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. राज्याची मनोधैर्य योजनाही २०१३ पासून आहे, आणि आता ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत चालते.

शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला लोक रुळांवर उतरले ते फाशी मागत. तो संताप मला कळतो. गुन्हा नोंदवायला पालकांना तासन्‌तास ताटकळावं लागलं होतं. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत पोक्सोखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांतले ९० टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीतले असतात. आरोपी चुलता असेल, तर ‘याला फाशी होईल’ या वाक्यानं आजीचं तोंड उघडत नाही, बंद होतं. मग जबाब फिरवायचा दबाव लेकरावरच येतो. शिक्षा व्हायलाच हवी. पण साक्ष टिकण्यासाठीसुद्धा आधी घर टिकलेलं असावं लागतं.

दरवर्षी हंगाम सुरू होताना कंधार-मुखेडच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल घेतलेल्या आईबापाला खटल्यासाठी मागे थांबता येत नाही, आणि लेकराला ज्या घरी ठेवायचं ते घर निर्धास्त आहे का, हा प्रश्न निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत सुटलेला नसतो. तेव्हा साहाय्यक व्यक्तीच्या वहीत मुकादमाचा नंबर, कारखान्याचं नाव आणि फडाचं ठिकाण लिहून घेतलेलं असलं, तर तिथल्या जिल्ह्याच्या समितीला कळवता येतं आणि जवळच्या शाळेत लेकराचं नाव घालायची सोय बघता येते.