मनिलाच्या गल्लीतले टेबल

बिलियर्ड्स म्हटले की आपल्याला साहेबांचा जिमखाना आठवतो. फिलिपिन्सची राजधानी मनिला येथे मात्र पूलचे टेबल कष्टकऱ्यांच्या वस्तीतही असते. अशाच एका अड्ड्यावर, चुलत्या-मामांच्या आसऱ्याने, एफ्रेन रेयेस हा गरिबाचा मुलगा वाढला. रात्री टेबलावरच झोपे! १९९५ साली अमेरिकेतील रीनो शहरी अर्ल स्ट्रिकलंडशी त्याचा सामना निर्णायक डावावर आला. पाच नंबरचा चेंडू दुसऱ्या चेंडूआड दडलेला. रेयेसने पांढरा चेंडू कॅरममधल्या रिबाउंडप्रमाणे दोन कडांवरून फिरवला आणि पाच नंबर पॉकेटमध्ये! १९९९ साली तो जगज्जेता झाला. हे कसब जन्माने नव्हे, सरावाने येते. आपल्या विहाराशेजारीही मुलांसाठी एक खोली आणि एक कॅरमबोर्ड हवाच.